टोपलीतली नाणी आणि पालकाची सही

बॉब डिलनला रेकॉर्डचा करार एका वृत्तपत्रीय परीक्षणामुळे मिळाला, असे मी कित्येक वर्षे ठासून सांगत आलो. तारखा एकापुढे एक मांडल्या तेव्हा माझीच चूक ध्यानात आली.

जानेवारी १९६१ मध्ये तो न्यूयॉर्कला आला, तेव्हा १९ वर्षांचा होता. ग्रिनिच व्हिलेजमधल्या अनेक कॉफीहाउसांत गाणे संपले की श्रोत्यांत टोपली फिरे. पडतील ती नाणी हीच बिदागी. (आपल्या तमाशातली दौलतजादा आठवते, तो थाट मात्र इथे नव्हता.) ‘कॅफे व्हॉ?’मध्ये तो दुपारी दुसऱ्यांच्या गाण्याला माउथ ऑर्गनची साथ करी.

एप्रिलमध्ये ‘गर्डीज फोक सिटी’ या क्लबात जॉन ली हूकरच्या आधी गाण्याचे, रीतसर पैसे देणारे काम मिळाले. त्यासाठी वादकांच्या संघटनेचे कार्ड हवे होते आणि वय २१ च्या आत म्हणून पालकाची सही. डिलनने आपण पोरके असल्याचे सांगितले. आईवडील मिनेसोटातल्या हिबिंगला हयात होते! अखेर क्लबचे मालक माइक पोर्को यांनीच पालक म्हणून सही केली. मला या कथेतला हा माणूस सर्वांत मोठा वाटतो.

सप्टेंबरात गायिका कॅरोलिन हेस्टरने कोलंबियासाठीच्या तिच्या रेकॉर्डला डिलनला साथीला घेतले. तिच्या तालमीतच निर्माते जॉन हॅमंड यांची नजर त्याच्यावर पडली. रॉबर्ट शेल्टनचे परीक्षण ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आले ते त्यानंतर, २९ सप्टेंबरला. त्या रात्री मुख्य कार्यक्रम ग्रीनब्रायर बॉइजचा असूनही मथळा डिलनचा होता. परीक्षणाने त्याचा भाव वाढला, यात शंका नाही. ओळख मात्र साथीदारीतून झाली होती.

ऑक्टोबरात कराराच्या वेळी पालकांचा प्रश्न पुन्हा निघाला. उत्तर तेच. या वेळी कोणी पोर्को नव्हता, सही एकट्याची. नोव्हेंबरात दोन दिवसांत मुद्रण झाले; रेकॉर्डवरच्या १३ गाण्यांत स्वतःची फक्त दोन. मार्च १९६२ मध्ये रेकॉर्ड निघाली. ती इतकी कमी खपली की कंपनीतले लोक तिला ‘हॅमंडचा मूर्खपणा’ म्हणू लागले.

पुढे नवे व्यवस्थापक अल्बर्ट ग्रॉसमन यांनी नेमके बोट ठेवले: करार अज्ञान वयातला, म्हणून रद्द. हॅमंडनी डिलनला बोलावून घेतले आणि सज्ञान झालेल्या डिलनकडून तो करार मान्य असल्याची सही घेतली.