वर्गनायकापासून शालेय मंत्रिमंडळापर्यंत

शाळेच्या कारभाराचा काही भाग मुलांवर सोपवण्याची प्रथा महाराष्ट्रात दोन वाटांनी आली. एका वाटेत गुरुजी मुलाला नेमतात, तर दुसरीत मुले आपला प्रतिनिधी निवडतात.

पहिली वाट अधिक जुनी आहे. पंतोजींच्या गावठी शाळेत निरनिराळ्या वयांची मुले एकत्र बसत आणि थोरली मुले धाकट्यांकडून धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेत, पाढे म्हणवून घेत. मद्रासजवळच्या एग्मोर येथील अनाथालयात डॉ. अँड्र्यू बेल यांनी हीच रीत शिस्तीत बसवली. वाळूवर अक्षरे शिकवण्यास तिथले शिक्षक राजी होईनात, तेव्हा त्यांनी जॉन फ्रिस्किन नावाच्या सुमारे 8 वर्षांच्या मुलावर वर्ग सोपवला. 1797 साली लंडनमध्ये त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि मॉनिटर पद्धतीचा बोलबाला झाला. थोड्या पगारी शिक्षकांत पुष्कळ मुले शिकवता येत, हे तिचे मोठे आकर्षण होते.

कॅथलिक शाळांकडे स्वतंत्र परंपरा होती. जेझुइट संघाच्या 1599 च्या शिक्षणसंहितेत निवडक विद्यार्थ्यांनी इतरांचे पाठांतर ऐकावे आणि लेखी काम गोळा करावे, अशी तरतूद होती. वर्गाचे दोन पक्ष करून त्यांच्यात अभ्यासाची चढाओढ लावली जाई. मुंबईत जेझुइटांनी 1864 मध्ये सेंट मेरीज आणि 1869 मध्ये सेंट झेवियर्स या शाळा सुरू केल्या. पुढे इंग्लंडमधील निवासी शाळांच्या धर्तीवर हाउसची रचना आणि प्रीफेक्ट, कॅप्टन ही पदे अशा शाळांत रूढ झाली. आजही तिथे बिल्ला लावून, शपथ देऊन पदग्रहण समारंभ होतो.

दुसरी वाट सेवाग्रामची. ऑक्टोबर 1937 मधील वर्धा शिक्षण परिषदेनंतर महात्मा गांधींची नयी तालीम ही शिक्षणपद्धती आकाराला आली. सेवाग्रामच्या शाळेत सफाई, स्वयंपाक, आरोग्य अशा कामांसाठी मुले आपले मंत्री निवडत आणि हे मंत्री आमसभेपुढे कामाचा हिशेब मांडत. मंत्र्याला जाब विचारण्याचा हक्क मुलांना होता, हा या रचनेचा गाभा.

मराठवाड्यातील शाळांचा इतिहास वेगळा आहे. परभणी जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. वरच्या शिक्षणाचे माध्यम तिथे मुख्यतः उर्दू होते. 1 मे 1962 रोजी राज्यभर जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या.

राज्यातील जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत आज दोन्ही वाटा एकत्र दिसतात. गुरुजी वर्गाबाहेर गेले की बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणारा मॉनिटर असतोच. शिवाय शालेय मंत्रिमंडळही असते. त्यासाठी अर्ज भरणे, प्रचार, बोटाला शाई आणि मतमोजणी असा सगळा सोपस्कार होतो. काही शाळांत मोबाइलचेच मतदान यंत्र करतात. मुख्यमंत्र्याबरोबर स्वच्छता, क्रीडा, आरोग्य, परसबाग अशी खाती वाटली जातात.

बालहक्कांच्या 1989 च्या आंतरराष्ट्रीय करारातील 12 व्या कलमाने मुलांच्या मताला वजन दिले. भारताने तो 1992 मध्ये स्वीकारला. शिक्षणहक्क कायद्याखालील 2010 च्या केंद्रीय आदर्श नियमांनुसार शाळा व्यवस्थापन समितीतही विद्यार्थ्यांना घेता येते.