एअर इंडियाचे खासगीकरण

एअर इंडियाचे खासगीकरण म्हणजे भारत सरकारच्या मालकीची एअर इंडिया ही विमान कंपनी टाटा समूहाकडे हस्तांतरित होण्याची प्रक्रिया होय. विजेत्या बोलीची घोषणा ८ ऑक्टोबर २०२१ रोजी झाली आणि २७ जानेवारी २०२२ रोजी हस्तांतरण पूर्ण झाले.

पार्श्वभूमी

जे.आर.डी. टाटा यांनी १९३२ मध्ये कराची–मुंबई टपाल उड्डाणाने सुरू केलेल्या हवाई सेवेतून १९४६ साली एअर इंडिया ही कंपनी आकारास आली. १९५३ मध्ये संसदेच्या कायद्यान्वये तिचे राष्ट्रीयीकरण झाले. २००७ साली इंडियन एअरलाइन्सचे तीत विलीनीकरण करण्यात आले. त्यानंतर कंपनी सातत्याने तोट्यात राहिली आणि तिचा कर्जभार वाढत गेला.

विक्रीचे प्रयत्न

२०१८ मध्ये सरकारने ७६ टक्के हिस्सा विक्रीस काढला. परंतु एकही बोली आली नाही. २०२० मध्ये संपूर्ण हिस्सा विक्रीस ठेवण्यात आला. किती कर्ज स्वीकारायचे हे ठरविण्याची मुभाही पुढे बोलीदारांना देण्यात आली.

व्यवहाराचे स्वरूप

टाटा सन्सच्या टॅलेस या उपकंपनीची १८,००० कोटी रुपयांची बोली स्वीकारण्यात आली. त्यापैकी सरकारला रोख २,७०० कोटी रुपये मिळाले. उर्वरित १५,३०० कोटी रुपये म्हणजे खरेदीदाराने स्वीकारलेले कर्ज होते. ऑगस्ट २०२१ अखेर कंपनीवर एकूण ६१,५६२ कोटी रुपयांचे कर्ज होते. त्यातील उरलेले ४६,२६२ कोटी रुपयांचे कर्ज एअर इंडिया ॲसेट्स होल्डिंग या सरकारी कंपनीकडे वर्ग झाले. जमिनी व इमारतीही याच कंपनीकडे राहिल्या. त्यांपैकी मुंबईतील नरिमन पॉइंट येथील इमारत महाराष्ट्र शासनाला १,६०१ कोटी रुपयांना विकण्यास केंद्र सरकारने २०२४ मध्ये मान्यता दिली.

कर्मचाऱ्यांवरील परिणाम

पहिले वर्षभर कर्मचारी कपात न करण्याची अट खरेदीदारावर होती; त्यानंतर कपात करावयाची झाल्यास स्वेच्छानिवृत्ती योजना देणे बंधनकारक होते. वसाहतींची जमीन विक्रीत समाविष्ट नसल्याने कर्मचाऱ्यांना घरे रिकामी करण्यास सांगण्यात आले. मुंबईतील कालिना वसाहतीचा वाद उच्च न्यायालयात गेला.

मतमतांतरे

कंपनी चालविण्यासाठी दररोज सुमारे २० कोटी रुपये खर्ची पडत होते व विक्रीमुळे हा भार थांबला, असे समर्थकांचे म्हणणे आहे. टीकाकारांच्या मते, नफ्याची संधी खासगी मालकाकडे गेली, तर कर्जाचा मोठा हिस्सा सार्वजनिक तिजोरीवरच राहिला.