हातातलं चाक

एस.टी.ला चाकं किती, असा प्रश्न मी दुसरीत असताना अण्णांनी मला घातला होता. मी म्हणालो, चार. एस.टी.च्या ड्रायव्हरचा मुलगा चार म्हणतो, याचं दुःख अण्णांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. ‘‘मागं जोडीजोडीनं असत्यात. सहा झाली. स्टेपनी सातवी. आन् हातातलं आठवं. ते सुटलं की बाकीच्या सातांचा काय उपेग न्हाई.’’

माझं यंत्रशास्त्राचं शिक्षण एवढ्यावरच संपलं. मुलाच्या हातात चाक नको, पेन असू दे, असं अण्णांनीच ठरवलं होतं. त्याप्रमाणे मी बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो, आणि पेनही मिळालं. ते काउंटरला दोरीनं बांधलेलं होतं ही गोष्ट मी घरी सांगितली नाही.

अण्णांना निवृत्त होऊन आता अठरा वर्षं झाली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी लायसन आपणहून कपाटात ठेवलं, आणि तेव्हापासून आठव्या चाकाचा विषय आमच्या घरात निघत नसे. दिवाळीत तो भाच्यानं काढला.

भाचा चाकणला मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर आहे. तो आला तो एक भलंमोठं खोकं घेऊन. घरच्यांना वाटलं मिठाई. आतून निघालं स्टिअरिंग! टेबलाच्या कडेला स्क्रूनं आवळायचं, कॉम्प्युटरला जोडायचं आणि घरबसल्या शर्यत खेळायची. ‘‘मामा, फेरारीच्या स्टिअरिंगसारखं आहे,’’ तो म्हणाला. मी पाहिलं तर ते धड गोलसुद्धा नव्हतं. एका बाजूनं चपटं, नवशिक्या सुनेनं थापलेल्या भाकरीसारखं. वर लाल, पिवळी, निळी बटणं. मी अठरा मोजली. मागच्या अंगाला दोन पाकळ्या. मी भीत भीत विचारलं, ‘‘ह्यात वळवायचं बटण कुठलं?’’

आता मी पडलो कारकून. खात्यात अनोळखी रक्कम दिसली की ती कुठून आली हे पाहिल्याशिवाय मला झोप लागत नाही. तेव्हा ही अठरा बटणं कुठून आली, याच्या नोंदी मी मागं मागं तपासत गेलो.

मागं गेल्यावर पहिली गोष्ट अशी आढळली की मुळात चाकच नव्हतं. कार्ल बेन्झनं १८८६ साली पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीला एक उभा दांडा आणि वर मूठ होती. त्या काळच्या पुष्कळ मोटारी नावेसारख्या दांड्यानं वळवत. म्हणजे आपले संपादक ज्याला ‘सत्तेचं सुकाणू’ म्हणतात, ते मोटारीला खरोखरच होतं. पण नाव पाण्यात चालते आणि पाण्यात खड्डे नसतात. मोटारीचं पुढचं चाक दगडावर आपटलं की दांडा चालकाच्या हाताला हिसका देई. वेग वाढला तसे हिसके वाढले. शेवटी १८९४ साली पॅरिस ते रुआं या शर्यतीत आल्फ्रेड वाशरों नावाच्या गृहस्थानं आपल्या पानार्ड गाडीला दांड्याऐवजी चाक बसवलं. शतक संपता संपता दांडा मागं पडत गेला आणि चाक आलं.

चाकानं काय साधलं, हे मला वाणिज्य शाखेच्या भाषेतच समजतं. दांडा एकदाच, सगळा जोर लावून ढकलायचा. चाक पुष्कळदा, थोड्या थोड्या जोरानं फिरवायचं. आमच्या भाषेत रिकरिंग डिपॉझिट. चाक जितकं मोठं, तितका हप्ता लहान. म्हणून अण्णांच्या एस.टी.चं स्टिअरिंग परातीएवढं होतं. त्या काळी त्याला मदतीला पॉवर-बिवर काही नव्हतं. तुळजापूरच्या घाटात नवरात्राची गर्दी भरलेली गाडी वळवताना अण्णा सीटवरून अर्धे उठत. शर्यतीच्या गाडीला हप्त्यांनी भरण्याइतका वेळ नसतो. तिथं चाक लहान, दोनेक फेऱ्यांत या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि खालून चपटं अशासाठी की त्या अरुंद बिळात चालकाच्या मांड्यांनाही जागा लागते. सुनेची चूक नव्हती.

आता चाकामागच्या घड्याळांचं. वेग दाखवणाऱ्या काट्याचं पेटंट स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झेनं १९०२ साली घेतलं. युक्ती मोठी गोड आहे. चाकाकडून आलेली तार एक लोहचुंबक फिरवते. त्याच्याभोवती धातूची एक वाटी असते. दोघांचा स्पर्श नाही, पण चुंबक फिरला की वाटीही त्याच्यामागं ओढली जाते. एक स्प्रिंग तिला मागं खेचून धरते. या ओढाताणीत वाटी जिथं अडकते, तो तुमचा वेग. हाताखालच्या माणसांकडून काम काढून घेण्याची हीच पद्धत आमच्याकडेही आहे.

पण भारी स्पोर्ट्स कारमध्ये मधल्या मानाच्या जागी वेगाचं घड्याळ नसतंच. तिथं असतो टॅकोमीटर, इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते सांगणारा. गाडी किती धावली यापेक्षा इंजिन किती धापा टाकतंय हे तिथं महत्त्वाचं. कारण असं की अशा इंजिनाची सगळी ताकद वरच्या फेऱ्यांना असते, आणि त्याच्या थोडंच पुढं लाल रेघ. त्या रेघेच्या अलीकडं, अगदी वेळेवर गियर बदलायचा. कारकुनाच्या धापा मोजणारं असं घड्याळ आमच्या काउंटरमागं कोणी का बसवलं नाही, नकळे.

गियरचा विषय निघालाच आहे तर सांगतो, फेरारी आणि आमचं लांबचं नातं आहे. हसू नका. सोलापूरचे वालचंद हिराचंद रेल्वेची कंत्राटं घेऊ लागले ते लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या जुन्या कारकुनाशी भागीदारी करून. कारकुनाला भागीदार करून घेणारा दुसरा भांडवलदार निदान माझ्या पाहण्यात नाही. या जोडीनं बार्शी लाइट रेल्वेचं काम केलं. कुर्डुवाडीहून बार्शी, येडशी करत लातूरला जाणारी ती छोटी गाडी आमच्या जिल्ह्याच्या उरावरून जायची. त्याच वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढं इटलीच्या फियाटची गाडी तयार होऊ लागली, आणि १९७० च्या दशकात तीच पद्मिनी झाली. तिकडं इटलीत फियाटनं १९६९ साली फेरारीचा निम्मा हिस्सा विकत घेतला. म्हणजे पद्मिनीची सासुरवाडी आणि फेरारीचं घर एकच!

बरं, या पद्मिनीचा गियर कुठं होता? स्टिअरिंगला! चाकाच्या डाव्या अंगाला दांडी, हात फारसा हलवायला नको. मी गाडी शिकलो ती आमच्या त्या वेळच्या मॅनेजरसाहेबांच्या जुन्या पद्मिनीवर. बार्शी नाक्याला वळताना मला डावीकडचा सिग्नल द्यायचा होता. मी आत्मविश्वासानं डावी दांडी ओढली. गाडीनं एक आचका दिला, साहेबांनी ‘श्रीराम’ म्हटलं, आणि आम्ही एका उसाच्या गुऱ्हाळापाशी रसाच्या ऑर्डरीविना थांबलो. दोष पद्मिनीचा नव्हता. मुंबईतली पद्मिनीची शेवटची काळीपिवळी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली. वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. साहेबही निवृत्त झाले. मला मात्र डावीकडं वळताना अजून आचका बसतो.

तर पद्मिनीनं जे कुर्ल्यात केलं, तेच जॉन बर्नार्ड नावाच्या इंग्रज अभियंत्यानं फेरारीच्या शर्यतीच्या गाडीत केलं, जरा जास्त पैसे खर्च करून. त्यानं गियरची दांडीच काढून टाकली आणि चाकामागं दोन पाकळ्या लावल्या. उजवी ओढली की वरचा गियर, डावी ओढली की खालचा. पुढचं काम वीज आणि तेलाचा दाब करणार. १९८९ साली ब्राझीलच्या शर्यतीत नायजेल मॅन्सेल ही गाडी घेऊन उतरला. सरावात ती इतकी बंद पडत होती की शर्यत पुरी होईल अशी आशा फेरारीच्याच लोकांना नव्हती. ती जिंकली! आणि गंमत पुढंच आहे. भर शर्यतीत मॅन्सेलचं स्टिअरिंग ढिलं झालं. तो गाडी आत घेऊन थांबला, नवं चाक बसवून घेतलं आणि परत निघाला. हे मी अण्णांना वाचून दाखवलं. अण्णा म्हणाले, ‘‘आठवं चाक. मी सांगितलं नव्हतं?’’

पाकळ्या १९९७ साली फेरारीच्या रस्त्यावरच्या गाडीत आल्या, आणि मग चाकावर बिऱ्हाडं वाढतच गेली. २००२ च्या एन्झो गाडीत चाकाच्या कडेवर दिवे आले. इंजिन लाल रेघेजवळ गेलं की ते एकापाठोपाठ लागतात. २००४ साली एक खटका आला, त्याचं नाव मानेत्तिनो, म्हणजे छोटी दांडी. रस्ता निसरडा आहे की कोरडा, त्याप्रमाणे तो फिरवायचा आणि गाडीनं आपला स्वभाव बदलायचा. (हा खटका लग्नकार्यात काही नातेवाइकांना बसवता आला तर पाहावा.) २००९ च्या गाडीत सिग्नलची दांडीही गेली आणि तिचीही बटणं चाकावर आली. या सगळ्यामागं एकच हट्ट होता: हात चाकावरून सुटू नये, नजर रस्त्यावरून ढळू नये. हट्ट चांगला होता. अण्णांचाही तोच होता.

तो मोडला तो २०१९ साली. त्या सालच्या फेरारीत घड्याळांच्या जागी सोळा इंची वाकडी काच आली आणि चाकावरच्या बऱ्याच बटणांच्या जागी नुसते स्पर्शाचे ठिपके. गाडी चालू करायची तीही ठिपक्याला बोट लावून. आता बटण आणि ठिपका यातला फरक मी सांगायला नको. बटण अंधारातही सापडतं आणि दाबल्यावर ‘दाबलं बरं का’ असं बोटाला सांगतं. ठिपका सापडायला आधी बघावं लागतं आणि लागला की नाही हे कळायला पुन्हा बघावं लागतं. ताशी तीनशेला दोनदा खाली बघणारा माणूस मधल्या काळात कुठं पोचलेला असेल! २०२५ साली फेरारीनं ‘अमाल्फी’ गाडीत खरीखुरी बटणं आणि चालू करायचं खरं बटण परत आणलं. मॅक्लारेनवाल्यांनी तर २०१७ च्या गाडीत चाकावर एकही बटण ठेवलं नाही आणि समोरची काचही अशी केली की ती दुमडून लपते आणि वेग, फेरे, गियर एवढीच पट्टी उरते. मला हे लोक आवडले. पासबुकातही शिल्लक तेवढीच छापावी, बाकीचं कोण वाचतो?

भाच्याचा खेळ लागला. मी चार वेळा बसलो, चार वेळा भिंतीत गेलो, कारण दिवे बघू की रस्ता, हे ठरेचना. पाचव्या वेळी मागून आवाज आला, ‘‘ऊठ. बगू जरा.’’

अण्णा खुर्चीत बसले. आधी वर हात नेऊन नसलेला आरसा नीट केला. मग डावा हात गियरसाठी खाली गेला आणि टेबलाखालच्या फटाक्यांच्या पिशवीला लागला. ‘‘आजोबा, गियर मागं आहे, पाकळीत. वरचे दिवे लाल झाले की उजवी ओढा.’’

गाडी निघाली. अण्णा दिव्यांकडं बघतच नव्हते. मोतीबिंदूनंतर त्यांना ते बारके दिवे कितपत दिसत होते कोण जाणे. इंजिन ओरडू लागलं तसं त्यांचं डोकं किंचित तिरकं झालं, आणि दिवे लाल व्हायला आणि पाकळी ओढायला एकच गाठ पडली. दुसऱ्या गियरला तेच. तिसऱ्याला तेच. भाचा माझ्याकडं बघायला लागला. ‘‘मामा, हे कसं जमतं?’’ मी काय सांगणार? त्या आवाजावर आमचं घर चाललं होतं.

चौथ्यानंतर अण्णांनी वेग चाळीसवर आणला आणि तिथंच ठेवला. बाकीच्या गाड्या शेजारून सूं सूं निघून गेल्या; अण्णांनी प्रत्येकीला हात बाहेर काढून साइड दिली. एक फेरी पुरी व्हायला एवढा वेळ लागला की आतून दोनदा जेवायची हाक आली. मग त्यांनी गाडी सावकाश रस्त्याच्या कडेला घेतली आणि उभी केली.

‘‘काय झालं, आजोबा?’’

‘‘थांबा आलाय.’’

हात चाकावरच होते. एक मिनिट गेलं, दोन गेली. पडद्यावर शर्यत संपल्याची पाटी आली तरी अण्णा समोरच बघत बसलेले. भाचा काही बोलणार, तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं. मी खुर्चीमागं गेलो, टेबलावरचा फराळाचा रिकामा डबा उचलला आणि चमच्यानं त्याच्यावर दोनदा वाजवलं. टण् टण्.

अण्णांनी उजवी पाकळी ओढली.