वर्तुळमार्गावरील भेटी : ‘शुतोको बॅटल’ या खेळमालिकेचा पुनर्विचार

मोटारशर्यतीच्या व्हिडिओ गेममध्ये कथन असू शकत नाही, या गृहीतकामुळे समीक्षेने हा प्रकार सहसा बाजूला ठेवला आहे. ज्या खेळांना नायक आहे, प्रवास आहे, उकलण्याजोगे रहस्य आहे, तेथे कथनमीमांसेची परिभाषा लावून पाहिली जाते; शर्यत मात्र हातांच्या आणि डोळ्यांच्या सरावाची बाब म्हणून सोडून दिली जाते. शर्यतीला आरंभरेषा असते, अंतिम रेषा असते आणि या दोहोंमध्ये मोजण्याजोगा वेळ असतो. या चौकटीत अर्थनिर्मितीला फारसा वाव नाही, हे मान्यच करावे लागते. तथापि जपानमधील गेन्की या कंपनीच्या ‘शुतोको बॅटल’ या मालिकेने नेमकी हीच चौकट मोडली. तिने अंतिम रेषा काढून टाकली आणि तिच्या जागी भेट हा घटक आणला. हा बदल तांत्रिक स्वरूपाचा नसून रूपबंधाचा आहे, आणि एका विशिष्ट शहराच्या विशिष्ट काळाशी त्याचा घट्ट संबंध आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

मालिकेच्या नावापासूनच आरंभ करणे योग्य ठरेल. ‘शुतोको’ म्हणजे टोकिओचा राजधानी द्रुतगती मार्ग. मूळ शीर्षकात स्वार नाही, वाहन नाही. आहे तो रस्ता. या मार्गाचा क्योबाशी ते शिबाउरा हा साडेचार किलोमीटरांचा पहिला टप्पा १९६२च्या डिसेंबरात खुला झाला. १९६४चे ऑलिंपिक तोंडावर आले होते आणि दाट वस्तीच्या शहरात जमीन संपादण्यास वेळ नव्हता. म्हणून जे सार्वजनिक मालकीचे आणि मोकळे होते त्यावरून, म्हणजे नद्या, कालवे आणि जुने रस्ते यांच्यावरून, खांब उभारून हा मार्ग नेण्यात आला. काही ठिकाणी तर कालव्याचे पाणी काढून त्याच्या पात्रातूनच रस्ता गेला. त्सुकिजी भागात तो आजही जमिनीच्या पातळीखालून धावतो. या मार्गाची तीव्र वळणे, अरुंद मार्गिका, मध्येच उभे ठाकणारे पुलांचे खांब हे सारे त्या घाईचे आणि त्या जलमार्गांचे अवशेष आहेत. वेगासाठी बांधलेल्या रस्त्याचा आकार पाण्याच्या संथ गतीने ठरवला होता. या रस्त्यावर रात्री शर्यती लावणाऱ्यांना तो का आवडला असावा, हे यावरून ध्यानात येते.

या मार्गाचा सर्वांत आतला पट्टा ‘सी-१’ या नावाने ओळखला जातो. तो सुमारे १५ किलोमीटरांचा असून सम्राटाच्या प्रासादाभोवती वर्तुळ पुरे करतो. याच वर्तुळाचा एक भाग १९६३ पासून निहोनबाशी या पुलावरून जातो. एदो काळात जपानचे पाच राजमार्ग येथून सुरू होत. देशातील रस्त्यांची अंतरे मोजण्याचा शून्यबिंदूही येथेच आहे. हिरोशिगेच्या १८३०च्या दशकातील तोकाइदो मार्गावरील चित्रमालिकेचे पहिले चित्र याच पुलाचे आहे. १८०२ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या जिप्पेन्शा इक्कूच्या विनोदी प्रवासकादंबरीतील दोघे सोबती एदोहून निघतात ते याच तोकाइदो मार्गाने. जपानी साहित्यातील रस्ता असा एका ठिकाणी सुरू होतो आणि मुक्काम करीत करीत दुसऱ्या ठिकाणी पोहोचतो. त्याच पुलावरून, काही मीटर वर, गेलेला सी-१ मात्र कोठेच पोहोचत नाही. त्यावरून फेऱ्या मारणाऱ्यांना जपानी बोलीत ‘रूलेट टोळी’ असे म्हटले जाते. जुगाराच्या चाकावरील गोटीची ही उपमा, माझ्या मते, पुष्कळशा समाजशास्त्रीय वर्णनांपेक्षा अधिक नेमकी आहे.

येथे मिखाइल बाख्तिन यांच्या कालावकाश या संकल्पनेची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९३७-३८ मध्ये लिहिलेल्या आपल्या दीर्घ निबंधात त्यांनी रस्ता हा कादंबरीतील भेटींचा प्रमुख अवकाश मानला आहे. एरवी सामाजिक अंतरामुळे परस्परांपासून दूर राहणारी माणसे रस्त्यावर एका बिंदूत एकत्र येतात आणि काळ जणू त्या अवकाशात मिसळून वाहू लागतो, असा त्यांचा आशय आहे. ‘शुतोको बॅटल’मध्ये भेट आहे, दर्जांची सरमिसळ आहे, योगायोगही आहे; पण वाहणारा काळ नाही. येथे नेहमी रात्रच असते. बाख्तिन यांच्या रस्त्यावर माणूस बदलतो, येथे गाडी बदलते.

मालिकेचा बाह्य इतिहास थोडक्यात असा. १९९० साली स्थापन झालेल्या गेन्कीने या नावाचा पहिला खेळ १९९४ मध्ये सुपर फॅमिकॉम या यंत्रासाठी केला. त्यावर ‘ड्रिफ्ट किंग’ म्हणून प्रसिद्ध असलेले शर्यतपटू त्सुचिया केइइची यांचे नाव होते. १९९५ मध्ये दुसरा भाग आला. हे भाग अजून नेहमीच्या शर्यतीच्या साच्यातच होते. मालिकेचे खरे रूप सिद्ध झाले ते १९९९ मध्ये, सेगाच्या ड्रीमकास्टवर. २००० साली त्याचा पुढील भाग निघाला. २००१च्या आरंभी सेगाने ड्रीमकास्ट बंद करण्याची घोषणा केली आणि त्याच वर्षी मालिका प्लेस्टेशन २ वर गेली. उत्तर अमेरिकेत हे खेळ ‘टोकिओ एक्स्ट्रीम रेसर’ या नावाने, तर युरोपात ‘टोकिओ हायवे चॅलेंज’ या नावाने विकले गेले. अमेरिकी नावात रस्ता मागे पडला आणि स्वार पुढे आला. भाषांतरात सर्वप्रथम जे हरवते ते बहुधा त्या कृतीचे मर्म असते, असे म्हणण्याचा मोह येथे होतो.

१९९९च्या खेळाची रीत पाहू. खेळाडू आपली गाडी घेऊन मार्गावर येतो आणि सामान्य वाहतुकीतून चालू लागतो. पुढे दुसरा स्वार दिसला की त्याच्या मागे जाऊन दिवे लुकलुकवायचे, हेच आव्हान. त्या क्षणी पडद्याच्या वरच्या भागात दोघांच्या नावे एकेक पट्टी उमटते. जो मागे पडेल त्याची पट्टी झिजू लागते, अंतर वाढेल तशी अधिक वेगाने. कठड्याला अथवा इतर वाहनांना गाडी घासली तरीही ती उणावते. ज्याची पट्टी आधी संपेल तो हरला. या पट्टीला ‘स्पिरिट पॉइंट’ असे नाव आहे. हरणाऱ्याला कोणी विशिष्ट स्थळी मागे टाकलेले नसते. त्याचा जोम संपलेला असतो. भरताच्या नाट्यशास्त्रात वीररसाचा स्थायीभाव उत्साह हा सांगितला आहे. या दोन परंपरांचा परस्परांशी संबंध नाही आणि तो जोडण्याचा येथे हेतूही नाही. परंतु वीराचा पराभव शरीराच्या नाशात न पाहता उत्साहाच्या क्षयात पाहणारी मांडणी आपल्या अभ्यासकाला परकी वाटू नये. (निर्मात्या कंपनीच्या नावाचा अर्थही ‘जोम’ असाच आहे, तो योगायोग समजावा.)

अंतिम रेषा नसल्यामुळे प्रत्येक लढतीची लांबी निराळी होते. एखादी काही सेकंदांत आटोपते, एखादी वर्तुळाच्या पाऊण फेरीपर्यंत रेंगाळते. लढत संपली तरी रस्ता थांबत नाही. पुढचे दिवे दिसेपर्यंत पुन्हा तेच चालणे. आदि, मध्य आणि अंत यांनी बांधलेली ॲरिस्टॉटलप्रणीत कृती येथे तुकड्यांत विखुरते. या तुकड्यांना जोडणारा धागा कथानकाचा नाही, तो व्यक्तिरेखांचा आहे.

मालिकेचा सर्वांत समृद्ध भाग हाच आहे, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष गेले आहे. मार्गावर भेटणारे स्वार शेकड्यांनी आहेत. त्यांना खरे नाव क्वचितच असते. असते ते टोपणनाव, एखाद्या टोळीचे सदस्यत्व आणि काही ओळींचा परिचय. परिचयात त्याचा व्यवसाय, रस्त्यावर येण्याचे कारण, एखादी सवय, एखादा जुना पराभव अशा गोष्टी कोरड्या भाषेत सांगितलेल्या असतात. चेहरा दिसत नाही, संवाद जवळजवळ नाहीच. एकेक परिचय स्वतंत्रपणे वाचला तर किरकोळ वाटेल. पण एकामागून एक वाचत गेल्यास नोकरदार, विद्यार्थी, कारागीर, बेकार अशा माणसांची एक नगरवही तयार होते. काही स्वार तर सहजी भेटतच नाहीत. ठरावीक गाडी वा ठरावीक मार्ग अशी अट पुरी केली तरच ते दिसतात. खेळाडूला मग त्या माणसाच्या आवडीनिवडीचा अंदाज बांधावा लागतो. वाचनाची ही एक विलक्षण रीत आहे. पात्राला समजून घेतल्याखेरीज ते पात्र समोर येतच नाही.

मोठ्या प्रतिस्पर्ध्यांची नावे मात्र वेगळ्या पातळीवरची आहेत. त्यांच्यातील चौघांच्या गटाला ‘शितेन्नो’ म्हटले आहे. बौद्ध परंपरेतील चार दिक्पालांचे, म्हणजेच चतुर्महाराजांचे, हे जपानी नाव असून कोणत्याही क्षेत्रातील चार श्रेष्ठांसाठी ते रूढ झालेले आहे. ‘तेरा राक्षस’ अशा अर्थाचा आणखी एक गट आहे आणि त्याचा अग्रणी ‘जिन्तेइ’, म्हणजे शीघ्रतेचा सम्राट. दिवसा कचेरीत बसणारा माणूस रात्री सम्राट होतो. हे नामकरण थोडे बालिश आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्यांना दिवसा नाव नाही ते रात्री असेच नाव घेणार, ही जाणीव त्या बालिशपणाच्या मुळाशी आहे.

याच्या नेमके उलट गाड्यांचे. १९९९च्या खेळात मोटारकंपन्यांची नावे वापरलेली नव्हती. मॉडेलच्या सांकेतिक क्रमांकांसारखी खुणेची नावे होती. कारण अर्थातच व्यावसायिक परवान्यांचे होते. परिणाम मात्र वाङ्मयीन झाला: जाणकारालाच ओळखू येईल अशी एक गुप्त बोली तयार झाली. २००३च्या भागात बहुतेक कंपन्यांची खरी नावे आली, आणि त्याबरोबर ही बोली निरर्थक झाली.

या व्यक्तिरेखांचा काळ कोणता? १९८९च्या अखेरीस टोकिओच्या शेअर बाजाराचा निर्देशांक शिखरावर पोहोचला आणि नंतरच्या वर्षांत फुगा फुटला. निस्सानची नवी स्कायलाइन जीटी-आर १९८९ मध्ये, माझ्दाची तिसऱ्या पिढीची आरएक्स-७ १९९१ मध्ये आणि टोयोटाची नवी सुप्रा १९९३ मध्ये बाजारात आली. म्हणजे समृद्धीच्या भरात आखलेली यंत्रे मंदीच्या रस्त्यावर उतरली. या तिन्ही गाड्यांचे उत्पादन प्रदूषणविषयक नव्या नियमांमुळे २००२ मध्ये थांबले. मालिकेचा उत्कर्ष १९९९ ते २००३ या वर्षांतला. तिचा विषय तिच्या डोळ्यांदेखत इतिहासजमा होत होता. कुसुनोकी मिचिहारू यांची १९९० मध्ये सुरू झालेली ‘वांगान मिडनाइट’ ही चित्रकथा याच मार्गांवर घडते, आणि शिगेनो शुइची यांच्या १९९५च्या ‘इनिशियल डी’ने हाच विषय गुन्मा प्रांतातील घाटांत नेला. त्या दोन्हींना नायक आहेत, घरे आहेत, दिवस आहे. ‘शुतोको बॅटल’ने यांतले काहीच घेतले नाही, म्हणून मला ती अधिक प्रामाणिक वाटते.

हा प्रामाणिकपणा एका मोठ्या वगळणुकीवर उभा आहे, हेही सांगितले पाहिजे. या रस्त्यावर पोलीस नाहीत. अपघाताने पट्टी झिजते, माणूस मरत नाही. ज्या वाहनांना चुकवत शर्यत चालते त्यांत कोण बसले आहे, हा प्रश्न खेळ विचारत नाही. शेकडो स्वारांना चरित्र देणारी ही संहिता मालमोटारीच्या चालकाला मात्र अडथळ्याचेच स्थान देते. प्रत्यक्षातील बेकायदा शर्यतींचे बळी कोण असतात हे ध्यानात घेतले तर हा निव्वळ खेळाचा संकेत म्हणून सोडून देता येत नाही. त्या नगरवहीत अर्धेच नगर आहे.

२००३च्या भागात टोकिओबरोबर नागोया आणि ओसाका ही शहरे आली. विस्तार झाला, पण दाटपणा गेला. २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर आलेला भाग अमेरिकेत ‘इम्पोर्ट ट्यूनर चॅलेंज’ या नावाने निघाला. त्यात आधीच्या कृतींची सावलीच अधिक. त्यानंतर २०१७चा मोबाइलवरील खेळ सोडला तर दीर्घ खंड पडला. जानेवारी २०२५ मध्ये मालिका संगणकावर अपूर्ण रूपात परतली आणि सप्टेंबरमध्ये पूर्ण झाली. तीत जुन्या गाड्या आहेत, दिव्यांचे आव्हान आहे, परिचयाच्या ओळीही आहेत. बदलला आहे तो वाचक. १९९९च्या खेळाडूला हा रस्ता समकालीन होता, आजच्या खेळाडूला तो ऐतिहासिक आहे.

रस्ताही तोच राहिलेला नाही. गिन्झालगतचा, द्रुतगती मार्गाला जोडलेला सुमारे दोन किलोमीटरांचा उन्नत रस्ता एप्रिल २०२५ मध्ये वाहनांसाठी बंद झाला. तो पादचाऱ्यांचा होणार आहे. निहोनबाशीलगतचे दोन उतारमार्ग मे २०२१ मध्ये बंद करण्यात आले आणि तेथील मार्ग जमिनीखाली नेण्याचे काम चालू आहे. भुयार २०३५ मध्ये खुले व्हावे आणि वरचा सांगाडा २०४० पर्यंत उतरवला जावा, अशी योजना आहे. तसे झाले तर हिरोशिगेच्या पुलावर पुन्हा ऊन पडेल आणि सी-१चा हा तुकडा त्याच्या मूळ उंचीवरून पाहण्यासाठी ड्रीमकास्टची तबकडी शोधावी लागेल.