२२ डिसेंबर १९७५ : संगीतकार वसंत देसाई यांचे निधन
कोल्हापुरात 'प्रभात'मध्ये पडेल ते काम करत तयार झालेले वसंत देसाई १९४३च्या 'शकुंतला'पासून व्ही. शांताराम यांच्या 'राजकमल'चा सूर ठरले. शास्त्रीय संगीत सिनेमात पातळ होऊ न देता ते घरोघरी पोहोचवणे हे त्यांचे मोठे काम. 'झनक झनक पायल बाजे'च्या (१९५५) शीर्षकगीतासाठी त्यांनी उस्ताद अमीर खाँ यांना गायला लावले; 'गूँज उठी शहनाई'त (१९५९) उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची सनई नायकाच्या हाती दिली. 'गुड्डी'त (१९७१) नवख्या वाणी जयराम यांच्याकडून मियाँ मल्हारातले गाणे गाऊन घेतले, तेही लताबाईंचे राज्य ऐन भरात असताना! 'दो आँखें बारह हाथ' आणि 'गुड्डी'तल्या त्यांच्या प्रार्थना शाळाशाळांत गायल्या गेल्या. मराठीत 'अमर भूपाळी', 'श्यामची आई' हे चित्रपट आणि 'पंडितराज जगन्नाथ' हे नाटक त्यांचेच. एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी १९६६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात गायलेल्या संस्कृत मैत्रीगीताची चालही त्यांचीच, हे आवर्जून सांगायला हवे. मुंबईत लिफ्टच्या अपघाताने त्यांचा बळी घेतला, तेव्हा ते ६३ वर्षांचे होते.