गोन्सालो गार्सिया : व्यापारातील यश आणि धर्मातील यश

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या मार्गावर अंबाडी लागते. तेथून पश्चिमेस फुटणारी वाट तानसा नदीकाठच्या वज्रेश्वरीवरून पुढे वसईच्या बाजूस उतरते. वसई हस्तगत झाल्यास देवीचे देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी अप्पांनी केला होता, अशी वज्रेश्वरीची परंपरा सांगते. 1739 च्या मे महिन्यात वसई पडली आणि पुढे देऊळही उभे राहिले. मराठीत नवसही फळतो आणि व्यापारही फळतो. क्रियापद एकच आहे. ऐहिक यश हा दैवी प्रसादाचा पुरावा होय, ही समजूत भाषेत किती खोल रुजली आहे, हे यावरून ध्यानात यावे. पोर्तुगीजांची समजूतही याहून फारशी निराळी नव्हती. त्यांच्या वसईत किल्ला आणि चर्च एकाच तटाच्या आत उभे होते.

याच वसईत 1557 च्या सुमारास गोन्सालो गार्सिया जन्मास आला. त्याचा पिता पोर्तुगीज सैनिक आणि माता स्थानिक स्त्री होती, असे सामान्यतः मानले जाते. जेझुइट पाद्र्यांच्या हाताखाली तो शिकला आणि कोवळ्या वयातच त्यांच्यासमवेत जपानला गेला. तेथे त्याने जपानी भाषा आत्मसात केली व कित्येक वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. परंतु जेझुइट संघात सदस्य म्हणून प्रवेश मिळावा, ही त्याची इच्छा फलद्रूप झाली नाही. निराश होऊन तो संघापासून दूर झाला आणि व्यापारात पडला. व्यापारात मात्र त्याचा चांगलाच जम बसला. भाषा अवगत, माणसे परिचयाची आणि पूर्वेकडील बंदरांत तेजी. मग पैसा न मिळता तरच नवल!

भाविक चरित्रकार येथून घाईने पुढे जातात. संपत्तीचा मोह सुटला आणि गोन्सालो मनिलास जाऊन फ्रान्सिस्कन बंधू झाला, एवढ्यावर ते समाधान मानतात. इतिहासाच्या अभ्यासकाने येथेच थोडे थांबावयास हवे. ज्याला धर्मसंघाने नाकारले होते, त्याला बाजाराने स्वीकारले होते. म्हणून त्याचा त्याग हा अपयशी माणसाचा आश्रय ठरत नाही. शिवाय त्याने टाकले ते धन. भाषा त्याच्याबरोबरच राहिली. 1593 मध्ये फिलिपिन्सच्या गव्हर्नराने पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कनास तोयोतोमी हिदेयोशीकडे वकील म्हणून धाडले, तेव्हा गोन्सालो त्याच्यासोबत दुभाष्या म्हणून गेला. ज्या जपानीच्या बळावर सौदे जुळत, तीच आता सत्ताधीशापुढे धर्मसेवकांची वाणी झाली. पूर्वायुष्यातील कसब वाया गेले नाही, केवळ त्याचा धनी बदलला.

त्या वकिलातीचा शेवट मात्र व्यवहाराच्या मापाने पूर्ण अपयशाचा आहे. ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी देश सोडावा, असा हुकूम हिदेयोशीने 1587 मध्येच काढला होता. त्याची अंमलबजावणी तेवढी सैल होती. 1596 मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यास लागले. त्यातून निघालेल्या वादात पाद्र्यांमागून सैन्य येते, हा संशय बळावला, आणि धर्माचा प्रश्न राज्याच्या सुरक्षिततेचा झाला. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे 26 जणांना क्रुसावर चढविण्यात आले. त्यांत 6 फ्रान्सिस्कन होते, उरलेले 20 जपानी. वसईचा दुभाष्या त्या सहांपैकी एक होता.

चर्चच्या हिशेबात हेच यश ठरले. 1627 मध्ये या हुतात्म्यांना धन्य म्हणून आणि 1862 मध्ये संत म्हणून मान्यता मिळाली. संतपद मिळालेला गोन्सालो हा भारतात जन्मलेला पहिला ख्रिस्ती होय. या दोन तारखांमधील अंतर वसईच्या दृष्टीने बोलके आहे. 1627 मध्ये तेथे पोर्तुगीज वैभव नांदत होते. 1862 पर्यंत तटाच्या आतील मठ आणि चर्चे ओस पडली होती. 1739 च्या तहानुसार मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेला धर्मपालनाची मुभा मिळाली, युरोपीय धर्मसंघ निघून गेले, आणि गोव्याकडील एतद्देशीय पाद्र्यांनी गावोगावची उपासना चालू ठेवली. राजाश्रय गेल्यावरही सामवेदी व वाडवळ बोली बोलणारे ख्रिस्ती समाज आपली घरे, वाड्या आणि बोली सांभाळून तेथेच राहिले. 1998 मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तो याच समाजांच्या आधारावर.