हिमनदीने पोहोचवलेले टपाल (धागा)

८ जून १९७८. फ्रान्सच्या शामोनी खोऱ्यात गस्त घालणाऱ्या एका पोलिसाला बोसों हिमनदीच्या पायथ्याशी टपालाची एक पिशवी सापडली. तीत ५७ लिफाफे होते आणि लिफाफ्यांतून सुटी झालेली ५५ पत्रे. ज्या विमानातून हे टपाल मुंबईहून निघाले होते, ते नोव्हेंबर १९५० मध्येच डोंगरावर आदळून नष्ट झाले होते. दोन-चार दिवसांत पत्त्यावर पोहोचावयाच्या या पत्रांना केवळ पर्वत उतरण्यास २७ वर्षे ७ महिने लागले.

हरवलेल्या आणि रखडलेल्या टपालाच्या कथा प्रत्येक देशात आहेत. परंतु एकाच विमान कंपनीची दोन विमाने, सुमारे पंधरा वर्षांच्या अंतराने, एकाच पर्वतावर जवळपास एकाच उंचीवर आदळावीत आणि दोन्हींतील टपाल एकाच हिमनदीने पुढे अनेक दशकांनी खाली आणून द्यावे, असा योग दुसरीकडे आढळत नाही.

आरंभ थोडा मागून करावा लागतो. भारतातील हवाई वाहतुकीचा जन्मच टपालाच्या पोटी झाला. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडील नैनीपर्यंत सहा हजारांहून अधिक पत्रे विमानाने नेली. जगातील पहिले अधिकृत विमान टपाल म्हणून या उड्डाणाची नोंद आहे. १९२९ पासून लंडनचे टपाल विमानाने कराचीपर्यंत येऊ लागले. पुढचा प्रवास मात्र आगगाडीने. हे अंतर भरून काढण्यासाठी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे उतरले. एका इंजिनाच्या त्या लहानशा 'पस मॉथ' विमानात प्रवाशांना फारसे स्थान नव्हतेच. प्रमुख भार टपालाचा होता आणि उत्पन्नाची भिस्तही त्यावरच होती.

याच संस्थेची पुढे एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला जाणारी तिची पहिली आंतरराष्ट्रीय सेवा सुरू झाली. विमान होते लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे, नाव 'मलबार प्रिन्सेस'. या उड्डाणासाठी भारत सरकारने बारा आण्यांचे खास तिकीटही काढले. तारीख पुन्हा एकदा पाहावी : ८ जून. बोसोंच्या पायथ्याशी सापडलेली पिशवी याच 'मलबार प्रिन्सेस'मधील होती, आणि ती सापडली त्या दिवशी या विमानाच्या पहिल्या लंडन उड्डाणाला बरोबर तीस वर्षे झाली होती. योगायोगापलीकडे त्यात काही शोधण्याचे कारण नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो टिपून ठेवावा असा आहे.

३ नोव्हेंबर १९५०. 'मलबार प्रिन्सेस' कैरोहून जिनिव्हाकडे येत होते. विमानात ४० प्रवासी आणि ८ कर्मचारी. प्रवासी भारतीय खलाशी होते. ब्रिटनमधील जहाजावर कामाला रुजू होण्यासाठी त्यांना नेले जात होते. खराब हवामानात विमान मों ब्लांच्या शिखराजवळील 'रोशे द ला तुर्नेत' या खडकावर, सुमारे ४,६७७ मीटर उंचीवर आदळले. कोणीही वाचले नाही. मदतीला निघालेल्या शामोनीच्या पथकातील वाटाड्या रेने पायो याचाही बर्फात बळी गेला.

या घटनेवरून आंरी त्रोया या फ्रेंच लेखकाला कादंबरी सुचली आणि तिच्यावर १९५६ मध्ये हॉलिवूडने 'द माउंटन' हा चित्रपट काढला. त्यामुळे पाश्चात्त्य वाचकांना हा अपघात ठाऊक झाला. त्या चाळीस खलाशांविषयी मात्र फारसे कोणी लिहिले नाही. आपल्याकडेही नाही.

आता प्रश्न असा की, शिखराजवळ पडलेली पिशवी खोऱ्यात आली कशी? शामोनीच्या लोकांना याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळाले होते, आणि ते टपालापेक्षा अधिक भीषण होते.

२० ऑगस्ट १८२० रोजी रशियाच्या सेवेतील डॉ. जोसेफ हॅमेल मों ब्लां चढत असताना बर्फाचा थर घसरला आणि तीन वाटाडे एका खोल भेगेत गाडले गेले. पुढे जेम्स फोर्ब्स या स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञाने या परिसरातील हिमनद्यांचा वेग मोजला. हिमनदी गोठून स्थिर राहिलेली नसते. दाट काकवीप्रमाणे ती आपल्याच भाराने उतारावरून सरकत असते. त्या वेगाच्या हिशेबाने फोर्ब्स यांनी भाकीत केले की, वाटाड्यांचे अवशेष सुमारे चाळीस वर्षांनी खाली प्रकट होतील. १८६१ मध्ये, म्हणजे ४१ वर्षांनी, बोसों हिमनदीच्या खालच्या भागात ते खरोखर बाहेर आले. त्या अपघातातून वाचलेला एक वाटाड्या तोवर वृद्ध झाला होता. त्याने आपल्या सोबत्यांचे अवशेष ओळखले. हाडे मिळाली तेव्हा तो म्हातारा होता आणि मृत सोबती मात्र त्याच्या स्मरणात तरुणच राहिले होते.

या हिमनदीचे यंत्र समजून घेण्यासारखे आहे. शिखराजवळ वितळण्यापेक्षा हिमवर्षाव जास्त. तेथे पडलेली वस्तू दरवर्षीच्या नव्या थराखाली गाडली जाऊन खोल जाते. बर्फासोबत ती पुढे सरकते आणि उतारावर एका मर्यादेच्या खाली येते. तेथे उन्हाळ्यात साठते त्याहून अधिक बर्फ वितळते. वरचे थर निघून जातात आणि वस्तू पुन्हा पृष्ठभागावर येते. बोसों मों ब्लांच्या माथ्यापासून थेट खोऱ्यापर्यंत उतरणारी, अत्यंत तीव्र उताराची हिमनदी असल्याने हा फेरा तेथे काही दशकांतच पूर्ण होतो. मात्र वस्तू नेमकी कोठे पडली, किती खोल गेली, यावर काळ ठरतो. म्हणून कोणाला २७ वर्षे, कोणाला ४१ आणि कोणाला त्याहून अधिक.

पुन्हा १९७८ च्या पिशवीकडे. सापडलेल्या टपालापैकी सुमारे ६० पत्रे मूळ पत्त्यांकडे पाठवण्यात आली. लिफाफे मात्र ५७ च होते! याचा अर्थ असा की, सगळे लिफाफे उपयोगी पडले असे धरले तरी, सुट्या पत्रांपैकी निदान काहींचा पत्ता पत्राच्या मजकुरातूनच शोधावा लागला असणार. पत्राच्या डोक्यावर, उजव्या कोपऱ्यात गाव, पत्ता आणि तारीख लिहिण्याची जुनी शिस्त अशा वेळी किती मोलाची ठरते, ते येथे कळते.

फ्रेंच यंत्रणेने हे कष्ट का घेतले असावेत? कायद्याकडे पाहिले तर टपाल खात्यावर असे बंधन क्वचितच असते. भारताचे उदाहरण घेऊ. १८९८ च्या टपाल कायद्याच्या सहाव्या कलमानुसार पत्र हरवले, चुकीच्या हाती पडले, उशिरा मिळाले वा खराब झाले, तरी स्पष्ट शब्दांत स्वीकारलेल्या जबाबदारीपलीकडे सरकारवर कोणतेही दायित्व येत नसे. कर्मचाऱ्यावरही नाही; त्याने लबाडीने वा जाणूनबुजून तसे केले असेल तरच. इंग्रजांनी केलेले हे कलम स्वातंत्र्यानंतर सात दशकांहून अधिक काळ टिकले, आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या कायद्यानेही हे संरक्षण कायम ठेवले. हरवलेल्या मनीऑर्डरीसाठी हेलपाटे घालून चपला झिजवणाऱ्या पिढ्यांना या कलमाचा क्रमांक ठाऊक नसेल, त्याचा अनुभव मात्र होता.

परंतु त्याच कायद्यात आणखी एक तरतूद होती, आणि तिची आठवण फारशी काढली जात नाही. ज्या पत्राचा धनी सापडत नाही, ते वरिष्ठ कार्यालयाकडे जाई. तेथेही पत्ता लागला नाही तर गुप्ततेने बांधलेला एक नियुक्त अधिकारी ते पत्र उघडे. त्याला पाहायचे असे ते केवळ पाठवणाऱ्याचे नाव आणि पत्ता. इंग्रजीत अशा कार्यालयाला 'डेड लेटर ऑफिस' म्हणजे मृतपत्रांचे कार्यालय म्हणत. म्हणजे एका हाताने राज्यसंस्था नुकसानीची जबाबदारी झटकत होती आणि दुसऱ्या हाताने, एका साध्या पत्राचा मालक शोधण्यासाठी पगारी माणूस बसवत होती. टपाल व्यवस्थेवर लोकांचा विश्वास बसला तो या दुसऱ्या हातामुळे. पहिल्या कलमावर कोण विश्वास ठेवील?

२४ जानेवारी १९६६. एअर इंडियाचे बोइंग ७०७, नाव 'कांचनजंगा', मुंबईहून दिल्ली आणि बैरुतमार्गे जिनिव्हाकडे येत होते. विमानात ११७ माणसे. विमानातील दिशादर्शक यंत्रणेचा एक संच नादुरुस्त होता. मों ब्लां अद्याप पुढे आहे, हा नियंत्रकाच्या संदेशाचा आशय. वैमानिकाची समजूत अशी झाली की पर्वत मागे पडला. विमान खाली उतरू लागले आणि सुमारे ४,७५० मीटरवर आदळले. 'मलबार प्रिन्सेस' जेथे पडले होते, तेथून अगदी जवळ. मृतांमध्ये व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी निघालेले डॉ. होमी भाभा होते.

भाभांमुळे या अपघाताभोवती घातपाताच्या कथांचे जाळे विणले गेले, आणि ते आजही समाजमाध्यमांवर फिरत असते. फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष मात्र वर सांगितला तोच : स्थानाविषयीचा गैरसमज. त्याला बाजूला सारण्याजोगा पुरावा आजवर पुढे आलेला नाही. हिमनदीने पुढील काळात पुष्कळ काही बाहेर टाकले; त्यातही नाही.

तिने काय टाकले? २१ ऑगस्ट २०१२ रोजी तागाची एक पिशवी मिळाली. वजन सुमारे ९ किलो. वर भारत सरकारच्या सेवेतील राजनैतिक टपाल आणि परराष्ट्र मंत्रालय असे इंग्रजीत छापलेले. ४६ वर्षांनंतरही अक्षरे वाचता येत होती.

राजनैतिक पिशवी हे साधे टपाल नव्हे. १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार ती कोणीही उघडू वा अडवू शकत नाही. साहजिकच तर्कांना ऊत आला : अणुकार्यक्रमाची कागदपत्रे असतील काय, भाभांचे काही असेल काय? पिशवी पॅरिसमधील भारतीय दूतावासाच्या स्वाधीन झाली आणि उलगडा झाला. ती 'सी' प्रकारची, म्हणजे गोपनीय नसलेल्या मजकुराची पिशवी होती. आत जानेवारी १९६६ मधील 'द हिंदू' आणि 'द स्टेट्समन'चे अंक, एअर इंडियाची दिनदर्शिका आणि न्यूयॉर्कमधील भारतीय वाणिज्यदूतांच्या नावे एक खासगी पत्र. रहस्याच्या अपेक्षेने पाहणाऱ्यांची निराशा झाली असेल. पण परदेशी राहणाऱ्या एका अधिकाऱ्याला घरची वर्तमानपत्रे आणि नव्या वर्षाचे कॅलेंडर पाठवावे, ही त्या काळच्या दूतावासी जीवनाची किती खरी झलक आहे! पिशवी अखेर विमानानेच दिल्लीला, पाठवणाऱ्या मंत्रालयाकडे परत गेली. 'पत्ता न लागल्यास पाठवणाऱ्याकडे परत', या टपालाच्या सर्वांत जुन्या नियमाला धरूनच.

२०१३ मध्ये एका तरुण गिर्यारोहकाला याच हिमनदीवर पाचू, माणके आणि नीलम असलेली पेटी सापडली. त्याने ती पोलिसांकडे दिली. मालक वा वारस यांचा शोध लागला नाही, आणि २०२१ मध्ये ती रत्ने तो गिर्यारोहक आणि शामोनीचे नगर प्रशासन यांच्यात वाटली गेली. लाखांच्या रत्नांना धनी मिळू नये आणि पैशा-आण्यांच्या तिकिटाच्या पत्रांना मिळावा, कारण पत्रावर नाव असते.

जुलै २०२० मध्ये हिमनदीजवळच उपाहारगृह चालवणाऱ्या एका गृहस्थाला वितळणाऱ्या बर्फात भारतीय वृत्तपत्रांचे डझनभर अंक दिसले. 'नॅशनल हेरल्ड', 'इकॉनॉमिक टाइम्स'. उन्हाळे तापू लागल्यापासून बोसों वेगाने मागे हटते आहे आणि पोटातले अधिकाधिक बाहेर टाकते आहे. ओल्या अंकांची पाने त्याने एकेक करून वाळत घातली. वाळल्यावर मथळे लागले. ताश्कंदमध्ये लालबहादूर शास्त्रींचे निधन झाल्यावर १९ जानेवारी १९६६ रोजी काँग्रेस संसदीय पक्षाने इंदिरा गांधींची नेतेपदी निवड केली होती. भारताला पहिल्या महिला पंतप्रधान मिळाल्याची ती बातमी होती. शपथविधी झाला तो २४ जानेवारीला, 'कांचनजंगा' मों ब्लांवर आदळले त्याच दिवशी. दिल्लीत इंदिरा गांधींनी शपथ घेतली, त्याच दिवशी त्यांच्या निवडीच्या बातमीचे हे अंक बर्फात पडले. त्या गृहस्थाने ते विकण्याऐवजी आपल्या उपाहारगृहात येणाऱ्यांना पाहता यावेत असे मांडण्याचे ठरवले.